बोटाच्या आधी आलेलं कडवं

अगं बायांनो, तिकडं लांब कुठं बसलात, जरा जवळ सरका. या ग्रुपवर सगळ्या येता, दोन ओळी वाचता, अंगठा दाखवता आणि पळता... म्हातारी काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकायला नको का? आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. दारावर कुणी लिंबू-मिरची बांधली तर त्यातली मिरची फोडणीला वापरणारी बाई मी.

मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते. गल्लीतल्या हळदीला, डोहाळजेवणाला गाणी लावायचं काम माझं — लेकीचा जुना लॅपटॉप, आणि ब्राउझरमधेच उघडतं ते डीजेचं सॉफ्टवेअर. शिकवलं कुणी नाही, दाबून दाबून शिकले. पोरं मला डीजे मावशी म्हणतात.

माझी थोरली बहीण, अक्का, दुधनीला असायची. बारशाचा पाळणा म्हणावा तर तिनंच. ती एक कडवं म्हणायची, मग बायकांनी 'जो जो' ओढायचं. पण अक्काला दम कुठला? बायकांचं संपायच्या आधीच तिचं पुढचं कडवं सुरू.

"अक्का, आमाला श्वास तर घिऊ दे की," बायका म्हणायच्या.

"तुमी श्वास घेस्तोवर बाळ शाळेत जाईल," ती म्हणायची.

मला तो पाळणा शिकायचा होता. दुधनी काही लांब नाही, पण मी आपली "पुढच्या आठवड्यात येते" म्हणत राहिले. आज हिची हळद, उद्या तिचं डोहाळजेवण... शेवटी कंटाळून तिनंच मोबाईलवर एकेक कडवं म्हणून पाठवलं. पाच कडवी, पाच निरोप. प्रत्येकाच्या शेवटी "बेगा बा". म्हणजे कानडीत, लवकर ये.

मी गेले ते तिच्या मातीला.

तिची लेक भाग्या तेव्हा पोटुशी होती. आई गेलेली, म्हणून बाळंतपण माझ्याकडं. मुलगी झाली. बारशाच्या चार दिवस आधी भाग्या म्हणाली, "मावशी, पाळणा आईचाच लाव. दुसरं कुणी म्हणू नगा."

मी पाच कडवी पाच बटणांवर बसवली. घोळ तिथंच झाला. बटण दाबलं की आवाज पाऊण सेकंदानं यायचा. शेजारच्या दोघींना 'जो जो' करायला लावून बघितलं. त्यांचं संपायचं आणि मधे नुसती शांतता. त्या शांततेत माणूस नाही हे फार कळायचं. भाग्यानं एकदाच ऐकलं आणि उठून आत गेली.

मग मी हात धुऊन मागं लागले. ब्लूटूथचा स्पीकर काढून वायरीचा लावला, निम्मा उशीर तिथंच गेला. बाकीचे टॅब बंद केले. चार्जर लावून बॅटरी वाचवायचं सेटिंग काढलं. सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे वाजायच्या आधी आवाज साठवून ठेवतात ती जागा, कमी केला. फार कमी केला तर आवाज शेंगा भाजल्यासारखा तडतडतो, म्हणून एक पायरी वर आणला. शेवटी प्रत्येक कडव्याच्या पुढची-मागची रिकामी जागा कापली. त्यात तिचं "बेगा बा"पण कापलं गेलं... गेलं कसलं, मीच कापलं. पाळण्यात ते कसं चालेल?

एवढं करून उशीर पापणी लवण्याएवढा उरला. तो शून्य होत नाही, बायांनो. आवाज बोटाच्या मागंच येणार.

बारसं दुपारी चारला. पाळण्याला झेंडूच्या माळा, ताटात घुगऱ्या, खोलीभर बायका. पहिली तीन कडवी नीट झाली. तिसऱ्यानंतरचं 'जो जो' चालू होतं, माझं बोट चौथ्या बटणाच्या वर, हवेत... आणि अक्कानं चौथं कडवं उचललं. बायकांचं संपलं नव्हतं. मी बटण दाबलं नव्हतं.

मी दोन्ही हात मांडीत घेतले. पाचवंही आलं — तसंच, बायकांचा सूर मधेच तोडत.

दुधनीहून आलेल्या, अक्काच्या शेजारच्या पार्वतीकाकू हसून बोलून गेल्या, "बघा, अजून श्वास घिऊ देत न्हाय की." मग आपण काय बोललो ते त्यांनाच कळलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. भाग्या पाळण्याची दोरी धरून रडत होती. पोरगी शांत झोपलेली.

वाटलं, वय झालंय, बोट लागलं असेल, आपल्याला कळलं नसेल. पण भाग्याच्या नणंदेनं मोबाईलवर शूटिंग केलेलं. शूटिंगमधेही आवाज मागंपुढं होतो, हे मला सांगायला नको. पण त्यात बायकांचे ओठ आवाजाशी जुळतात, टाळ्या जुळतात. चौथ्याला माझं बोट हवेत, पाचव्याला हात मांडीत. गाणी आपोआप लागायचं सेटिंग बंदच होतं. नंतर कितीदा तरी करून बघितलं... आवाज बोटाच्या मागंच येतो.

मला उलगडा झालेला नाही. भीती नाही वाटत, लाज वाटते. समोर बसून शिकले असते तर वायर, बफर, काहीच लागलं नसतं. न कापलेले निरोप मोबाईलमधे आहेत. कडवं संपत आलं की मी बंद करते, पुढचं ऐकायचं धाडस होत नाही.

तुमच्यात कुणाला यातलं कळत असेल तर फोनवर नका सांगू, घरी या. लॅपटॉप दाखवते, भाकरी करते, पाळणाही आता मला पाठ झालाय. फक्त पुढच्या आठवड्यात येते, असं म्हणू नका.

बेगा बा.