सरांच्या पत्त्यांवरून परतलेले शब्द

मन्मथ जंगम सरांची आणि माझी पहिली भेट अणदूरच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत झाली. मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी शिकवायला नव्याने रुजू झालेली. पहिल्याच तासाला वर्ग माझ्याकडे नुसता बघत राहिला होता. सर विज्ञान शिकवत. माझा रडवेला चेहरा पाहून ते म्हणाले, "बाई, ह्या लेकरांच्या घरी कानडी, शाळेत मराठी. तुम्ही आज तिसरी आणलीत. जरा दमानं घ्या." मग त्यांनी पिशवीतून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पानांचे कापलेले चौकोन काढून दिले. एका बाजूला शब्द, मागे अर्थ आणि खाली मुलांच्या घरचा कानडी शब्द. मुले त्यांना 'सरांचे पत्ते' म्हणत.

निवृत्तीनंतर सर संगणक शिकले आणि पत्ते हाताने लिहिणे थांबले. आता ते साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक प्रश्न लिहितात, मध्ये उभी रेघ, पुढे उत्तर. त्यांनी स्वतः खटपट करून लिहिलेला छोटा प्रोग्रॅम त्या ओळींची पाने तयार करतो: पुढच्या बाजूला प्रश्नांचे चौकोन, मागच्या बाजूला उत्तरांचे. जाड कागदावर छापायचे आणि कात्रीने कापायचे. यात रंग, चित्रे का नाहीत, असे मी एकदा विचारले. सर म्हणाले, "उद्या माझं मशीन बंद पडलं, मी बी बंद पडलो, तरी साधी फाइल कुणालाबी उघडता येती." भूम तालुक्यातल्या एका शिक्षकांनी त्या फाइली घेऊन, वर स्वतःचे नाव घालून वाटल्या, तेव्हा आम्ही सगळे चिडलो. सरांनी एवढेच विचारले, "लेकरांपर्यंत पोचल्या ना? मग बास झालं."

अशा आठवणी सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात पुष्कळ येतील. मला आमच्या घरातली गोष्ट सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. तेही त्याच शाळेत गणित शिकवत. सरांचे जुने सोबती. हातपाय हळूहळू हलू लागले, पण शब्द गेले. समोर पेला दिसे, पाणी हवे असे आणि तोंडून काहीच येत नसे. मग ते भिंतीकडे तोंड करून पडत. ते पुन्हा बोलतील का, हे डॉक्टरही सांगेनात. आम्ही तेव्हा धाराशिवला राहायला आलो होतो. सर अणदूरहून एसटीने, तुळजापूरला गाडी बदलून आले. यांच्याजवळ बसले आणि निघताना मला म्हणाले, "ह्यांना दिवसभर काय काय लागतं, तेवढं सांगा." पुढच्या रविवारी पत्ते घेऊन हजर.

मी रोज प्रश्न वाचायची, थांबायची, मग पत्ता उलटून उत्तर वाचायची. महिने गेले. हे कधी ओठ हलवत, पण आवाज फुटत नसे. खरे सांगते, मी थकले होते. दिवसभर घरात आपलाच आवाज ऐकण्याचा थकवा निराळा असतो.

एकदा नवा गठ्ठा आला. छापताना कागद उलटा फिरून उत्तरे भलत्याच प्रश्नांच्या पाठीमागे गेली होती. मला ते काय ठाऊक? मी वाचले, "सकाळी कपातून काय पितो?" पत्ता उलटला. "चप्पल." दुसरा घेतला. "बाहेर जाताना पायात काय घालतो? चहा."

पलंगावरून आवाज आला, "चूक."

वह्या तपासताना म्हणत तसेच, जरा कंटाळून.

मी सरांना फोन केला. छपाईचे ऐकून ते आधी फार ओशाळले. मग यांचा शब्द सांगितला, तेव्हा तो त्यांनी मला दोनदा सांगायला लावला. शेवटी म्हणाले, "मग पुढच्या खेपेला आणखी चुका आणतो." तेव्हापासून ते दर पानावर काही उत्तरे मुद्दाम चुकवतात. "जन्मभर चुका खोडत आलो, बाई. चुकीचं टाइप करताना बोट लई अडतं," असे म्हणतात. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला चुकीची धास्ती लावली होती, ती या वयात गेली. यांच्या तोंडी आधी "चूक" होते, मग "चूक, चहा", मग नुसते "चहा". पुढे मीठ, चष्मा, झोप. एके दिवशी माझे नाव.

रविवारी सर आले की मला म्हणतात, "तुम्ही आत जाऊन पडा. आमी दोघं भांडतो." मी पडते. बाहेरून ऐकू येते, "भाकरी कशासंगं खातो? साबणासंगं." यांचे "चूक, चूक." मग सर, "गणिताच्या मास्तरला भाकरीतलं काय कळतंय?" आणि मला झोप लागते. आठवड्यातली तेवढीच शांत झोप.

सरांना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही पडद्यावरची अक्षरे मोठी करून घ्यावी लागतात, गुडघे दुखतात. गेल्या महिन्यात मी फाइलमध्ये एक ओळ स्वतः घातली: 'रविवारी आपल्याकडे कोण येते?' उत्तर अजून आलेले नाही. 'मन्मथ' हे नाव यांना जड जाते. पहिल्या 'म'पाशी अडतात, सरांकडे बघत राहतात, डोळे भरतात. सर तो पत्ता गठ्ठ्याच्या तळाशी सारतात आणि म्हणतात, "राहू द्या. कुठं घाई हाय?"

घाई नाही, हे सरांचे म्हणणे खरे ठरो. त्यांना उदंड आयुष्य लाभो, एसटीच्या पायऱ्या चढण्याइतके बळ गुडघ्यांत राहो. आणि ज्या रविवारी यांच्या तोंडून ते नाव पुरते येईल, त्या रविवारी सर समोरच्या खुर्चीत बसलेले असोत.