जस्तमावशींचा पडदा

जस्तमावशी कुणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी कोलंबीची सालं मागत. "कोलंबी केलीस ना? मग सालं कुठायत?" असं विचारणारी दुसरी बाई अख्ख्या गिरगावात नसेल. आमच्या चाळीतली शाकाहारी मंडळी त्यांच्या दारावरून जाताना नाक दाबून पळत.

शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मावशींनी जस्ताची बॅटरी मनावर घेतली. नाव तेव्हापासून पडलं. "ही पेटत नाही रे, आत पाणी असतं," त्या मला सांगत. "पण चार्ज करताना जस्ताला काटे फुटतात. ते मधला पडदा फाडून पलीकडे भिडले की बॅटरी मेली!" हा पडदा त्यांना सालांपासून करायचा होता, चिवट, तरी मातीत टाकला की कुजणारा. प्लॅस्टिकचं नाव काढलं की त्या भडकत. "आपण जायचं आणि कचरा मागे ठेवायचा? काही लाजबीज?"

पडद्याचं काम त्या चाळीच्या भाषेत समजावत. "दोन बिऱ्हाडांमधली भिंत कशी हवी? बोलणं पलीकडे जावं, मारामारी जाऊ नये."

बरेच फाटके पडदे काढल्यावर एकदा मनासारखा जमला. परळच्या एका कॉलेजातल्या मॅडम तो बघायला येणार होत्या. पसंत पडला तर मावशींना प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. मावशींनी त्याच्या गोल चकत्या कापून गच्चीवर वाळत घातल्या, नेमक्या पेडणेकरवहिनींच्या साबुदाण्याच्या पापड्यांशेजारी. वहिनींनी संध्याकाळी सगळंच वाळवण गोळा केलं आणि मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांना तळून वाढलं. पाहुणे कट्टर शाकाहारी!

गच्ची रिकामी बघून मावशी ओरडतच वहिनींच्या घरात शिरल्या, "माझा पडदा!" मुलाचे वडील काहीतरी चावत बसले होते. मावशींनी त्यांच्यासमोर बसकण मारली.

"दाताखाली मोडतोय का हो?"

"छे! मघापासून चावतोय. भलताच चिवट आहे."

"तेलात तडकला नाही?"

"नाही बुवा."

"वहिनी, ऐकलंत? उकळत्या तेलातसुद्धा तडकला नाही!" मावशी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या. पापडी कशाची, असं पाहुण्यांनी विचारलं तेव्हा वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी खोटं बोलत नसत. "समुद्रातली आहे," त्या म्हणाल्या. "तरीच जरा खारट लागते," पाहुणे म्हणाले. लग्न जमलं. व्याही अजून त्या पापडीची चौकशी करतात.

मावशींनी रात्रंदिवस खपून नवा पडदा केला. मॅडमनी तो ओढून, भिजवून पाहिला आणि प्रयोगशाळेतला एक कोपरा त्यांना दिला. तिथे मावशींनी आपली बॅटरी चाचणीला लावली, पुन्हा पुन्हा चार्ज करून ती किती दिवस टिकते ते बघायला.

मावशी गेल्या श्रावणात गेल्या. चाळ सुनी झाली, खरंच सुनी झाली. त्यांचं सामान आणायला मी कॉलेजात गेलो, तर तिथली एक मुलगी वैतागलेली. "काका, बॅटरी बंद पडल्याशिवाय निकाल लिहिता येत नाही. आणि मावशींची बंदच पडत नाहीये!"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. म्हटलं, "राहू दे गं. आम्हाला कसली घाई आहे?"