तारखा चुकू लागल्या तेव्हा

दवाखान्यांसाठी औषधांच्या वेळा सांभाळणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती कामाला होती. त्यातला तारखांचा हिशेब चाले तो तिच्या थोरल्या भावाच्या कोडवर. दादाने ते हौसेने, घरी बसून लिहिलं होतं आणि कुणालाही फुकट वापरायला ठेवलं होतं. बऱ्याच कंपन्या त्यावर निर्धास्त विसंबून होत्या.

ती मात्र नव्हती. दादाने नवी आवृत्ती काढली की तिच्या चाचण्या आपोआप चालत. महिनाअखेर, फेब्रुवारी, दिवस ओलांडणारा डोस, सगळं तपासलं जाई. एक जरी उत्तर बदललं तरी लाल खूण येई आणि ती आवृत्ती दारातच अडे. "सख्ख्या भावाचीही झडती घेते," ऑफिसातले हसत. दादाही तिला कौतुकाने चाळणीबाई म्हणे.

वर्षानुवर्षं लाल खूण क्वचितच आली. मग एकदा फेब्रुवारी चुकला. तिने फोन केला. दादा खळखळून हसला, लगेच दुरुस्त केलं. पुढच्या आवृत्तीत तीच चूक पुन्हा. त्यानंतर तर डोसांमधलं अंतर मोजणारा अख्खा भागच गायब.

"दादा, काढून का टाकलास? निदान सांगायचंस तरी."

"मी? मी कशाला हात लावू त्याला?" तो चिडला. "तुझ्याच चाचण्या तपास आधी."

तिने तपासल्या. त्या बरोबर होत्या. तिने वहिनीला फोन लावला. वहिनी एकदम रडायलाच लागली. "अगं, परवा हे बँकेतून घरी यायची वाट विसरले. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हा थांबत नाही, हेही सांगितलं.

एकाही रोग्याला चुकीची वेळ गेली नव्हती. कंपनीत तिचं कौतुक झालं. ते ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने जुनी आवृत्ती कायम केली, इतर कंपन्यांना सावध केलं. उरलं ते सगळ्यात अवघड काम.

"दादा, नवी आवृत्ती काढायचा पासवर्ड मला दे."

"एवढं बिघडलंय?"

तिला मान हलवतानाही जड गेलं. त्याने पासवर्ड आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. शेवटी वहिनीने कपाटातून कागद काढून दिला. दादा उठून आतल्या खोलीत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

आता ते कोड तीच सांभाळते. सुट्टीच्या दिवशी दादाकडे जाऊन तिथेच काम करते. मध्यंतरी तो शेजारी येऊन बसला, पडद्यावरच्या ओळी एकेक करून वाचल्या.

"कुणी लिहिलंय गं हे? छान लिहिलंय."

"आहे एक जण," ती म्हणाली आणि टाइप करायची थांबली.