दोन सेऊलच्या मधली चारुलता

माझी फुई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण चारुलता, आता बावन्न वर्षांची आहे. शहाद्यात राहते, शाळांचे गणवेश शिवते. गुडघे कुरकुरतात, पण तिच्याबरोबर बाजारात गेलं की ती हमखास पुढे निघून जाते. मग कुठल्यातरी दुकानापाशी उभी राहून आपली वाट बघते. "हेमांगी, पाय उचल जरा," म्हणते.

आमचं गाव तापीकाठी. कपाशी, केळी, ऊस. मी सांगते तेव्हा नंदुरबार जिल्हा अजून झाला नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. १९८६ सालच्या ऑक्टोबरात सकाळच्या एसटीनं पेपर आला आणि माझ्या आजोबांनी, रतिलाल पाटलांनी, तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला. सेऊलच्या आशियाई स्पर्धेत पी. टी. उषानं चार सुवर्णपदकं मिळवली होती. दोन वर्षांपूर्वी ऑलिम्पिकमध्ये तिचं पदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यानं हुकलं होतं, ते गावाला माहीत होतं. त्यामुळे ओट्यावरच्या माणसांना आपलंच काहीतरी परत मिळाल्यासारखं झालं.

फुई तेव्हा आठवीत. शाळेत हेमकांत सर भूगोल आणि खेळ शिकवायचे. मुलींनी मैदानावर यावं म्हणून ते तीन वर्षं घरोघरी सांगत होते. कोणी पाठवत नव्हतं. खेळाच्या तासाला मुली वर्गात बसून रुमालावर फुलं काढायच्या. त्या आठवड्यात सरांनी उषाचा फोटो फळ्याशेजारी टाचला आणि विचारलं, "पळायला कोण कोण येणार?" अकरा हात वर झाले.

खरं नवल पुढेच होतं. एकाही घरातून नाही म्हणून निरोप आला नाही. माझी आजी प्रमिलाबाई त्याचं कारण आमच्या अहिराणीत एका वाक्यात सांगायची, "पेपरमा फोटू उना व्हता, मंग कोन काय बोली?" तिनं स्वतःच्या एका परकराला मधोमध टाके मारून फुईसाठी सैल विजार शिवली होती. रंजिता म्हणजे फुईची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या आईनं ती विजार पाहून तशीच शिवली, आणि आठवडाभरात अकराही मुली परकराच्या विजारी घालून नदीवर दिसू लागल्या.

थंडीत तापीचं पाणी पलीकडच्या काठाला सरकायचं आणि अलीकडे लांबच लांब वाळू उघडी पडायची. सरांनी ग्रामपंचायतीतून टेप आणून शंभर मीटर मोजले, दोन्ही टोकांना बांबू रोवले. अडथळ्यांसाठी दोन काठ्यांवर कपाशीची पऱ्हाटी आडवी ठेवायची, पाय लागला की वाळलेली पऱ्हाटी मोडायची आणि सर म्हणायचे, "कपाशी संपेल गावातली, पाय उंच घ्या." वाळूत दिवाल्या नावाच्या माणसाची टरबुजाची वाडी होती. मुली वेलांवर येतील म्हणून पहिले काही दिवस तो ओरडत होता. मग त्यानंच काट्यांची एक ओळ घालून मुलींची वाट वेगळी केली, आणि फेब्रुवारीत फळं धरल्यावर रविवारी एक टरबूज फोडून ठेवू लागला. फुई म्हणते, तसं टरबूज तिनं पुन्हा खाल्लं नाही. वाळूत पळून आल्यावर ते खाल्लं, म्हणून असेल.

आजोबा दररोज यायचे. धोतराचा सोगा खोचून काठावर उभे राहायचे आणि मनगटी घड्याळाकडे बघत आकडा सांगायचे. चारशे मीटरला फुईला सुरुवातीला एक मिनिट वीस सेकंद लागायचे. होळीपर्यंत ते एक मिनिट अकरावर आलं. आजोबा तो आकडा घरी येऊन आजीला सांगायचे, मग शेजाऱ्याला, मग दुधाच्या डेअरीवर. गावातली माणसं फुईला हाकच "उषा" अशी मारू लागली. खरं म्हणजे गावात तेव्हा अकरा उषा होत्या. "कोणती उषा?" असं विचारलं की "रतिलालनी" असं उत्तर यायचं.

सत्याऐंशीच्या तालुका स्पर्धेत शहाद्याला फुई पहिली आली, रंजिता दुसरी. जिल्ह्याला, धुळ्यात, फुई तिसरी आली. तिथे तिनं पहिल्यांदा चुन्यानं आखलेले पट्टे पाहिले. आपल्या पट्ट्यातून बाहेर जायचं नाही, याची तिला एवढी भीती वाटली की पहिले शंभर मीटर ती खालीच बघत पळाली. आजोबांनी परतताना एसटीत कंडक्टरला प्रमाणपत्र दाखवलं.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात, दहावीत, ती जिल्ह्यात दुसरी आली. आता विभागीय स्पर्धेला नाशिकला जायचं होतं. तोपर्यंत अकरातल्या पाचच मुली उरल्या होत्या. काहींची लग्नं ठरली, काहींच्या घरी कपाशी वेचायला माणूस हवं होतं. पण पाच जणी होत्या.

त्याच महिन्याच्या शेवटी पुन्हा सेऊल, या वेळी ऑलिम्पिक. ग्रामपंचायतीत टीव्ही आला होता, सगळं गाव बातम्यांना जमायचं. उषाच्या पायाला दुखापत होती. प्राथमिक फेरीतच ती मागे पडली. बातमी काही क्षणांची होती, पण ती संपल्यावर लोक लगेच उठले नाहीत. नंतर ओट्या-ओट्यांवर जे बोलणं सुरू झालं ते दोन वर्षांपूर्वीच्या बोलण्यासारखं नव्हतं. चार सुवर्णपदकं आणणारी मुलगी त्याच तोंडांत आता फुकट गेलेला खर्च झाली होती.

त्या रविवारी रंजिता आली नाही. पुढच्या रविवारी उरलेल्या तिघीही आल्या नाहीत. कोणी बंदी घातली नव्हती. आयांनी फक्त विजारी धुवून आत ठेवून दिल्या.

नाशिकला जायच्या चार दिवस आधी आजोबा जेवताना म्हणाले, "चारू, आते पुरं. ती उषाबी हारनी."

दुसऱ्या संध्याकाळी हेमकांत सर घरी आले. फुई आत कणगीपाशी उभी राहून ऐकत होती.

"रतिलालभाऊ, नाव गेलंय तिचं नाशिकला," सर म्हणाले.

"नाव काढता येईल ना?"

"येईल. पण का काढायचं?"

आजोबा सुपारी कातरू लागले. "सर, ती कमी पडते म्हणून मी अडवत नाही. तेव्हा अकरा पोरी होत्या, कोणी बघत नव्हतं. आता माझी एकटी पोर दिसते. लोक विचारतात, हिला काय मिळायचंय?"

"ती हरली तरी चालेल, असं म्हणा की."

"ते मला म्हणता येत नाही," आजोबा म्हणाले.

सर चहा न घेता गेले. फुई रडली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिनं सरांना सांगितलं की तळोद्याच्या ज्या मुलीचा तिसरा नंबर आला तिला न्या. तिला नेलं. तिचं पुढे काय झालं, हे फुईनं कधी विचारलं नाही.

दहावीनंतर दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. नवरा, भूपेंद्र, बँकेत होता. पंधरा वर्षं त्यांनी खांडबाऱ्यात काढली, मग शहाद्यात घर बांधलं. धावण्याबद्दल ती बोलायची नाही. आजोबा शेवटच्या आजारात होते तेव्हा ती रोज त्यांच्याजवळ बसायला यायची. एका दुपारी ते अचानक म्हणाले, "चारू, नाशिकले तू जाती तं काय व्हतं?"

"हरले असते, बापू."

"हारती तं हारती," आजोबा म्हणाले आणि कूस बदलली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती एका शर्टाचं काज करत होती आणि सुई तशीच हातात राहिली.

दोन हजार तेवीसमध्ये दहावीच्या त्या तुकडीचं स्नेहसंमेलन झालं. रंजिता सुरतेहून आली होती, हेमकांत सरांना दोघांनी धरून आणलं. कार्यक्रमानंतर सगळ्या नदीवर गेल्या. पण बॅरेजचा बंधारा झाल्यापासून तापी बाराही महिने काठोकाठ असते. वाळू नाही, टरबुजाच्या वाड्या नाहीत. फुई आणि रंजिता पाण्यात बोट दाखवून भांडत होत्या की पहिला बांबू कुठे होता.

शाळेच्या मैदानावर मात्र त्या दिवशी मुली भाला फेकत होत्या. दोन वर्षांपूर्वी देशाला भालाफेकीत ऑलिम्पिकचं सुवर्ण मिळालं होतं, तेव्हापासून गावात एकही बांबू धड राहिला नव्हता, असं खेळ शिकवणाऱ्या रंजना मॅडम हसत सांगत होत्या. फुई हसली नाही. तिनं विचारलं, "मुली किती?"

"चौदा."

"कमी व्हायला लागल्या की मला फोन करा," ती म्हणाली आणि नंबर लिहून दिला.

फोन गेल्या वर्षी आला. मुलं परत क्रिकेटकडे वळली होती, मुली एकेक करून गळाल्या होत्या. दिपाली नावाची नववीतली एकच उरली होती आणि तिच्या वडिलांनीही आता बंद करायला सांगितलं होतं. फुई स्कूटर घेऊन थेट त्यांच्या घरी गेली. धुडकू चौधरी केळीला पाणी देऊन नुकते आले होते.

"खेळाला माझा विरोध नाही, ताई," ते म्हणाले. "पण शाळा सुटल्यावर मॅडम घरी जातात. एवढ्या मोठ्या मैदानात एकटी पोर. बरं दिसत नाही."

फुईनं त्यांना उषाचं सांगितलं नाही, नाशिकचंही नाही. एवढंच म्हणाली, "मी येऊन बसले तर?"

"तुम्ही कोण तिच्या?"

"कोणी नाही. मी या शाळेची आहे."

धुडकूभाऊंनी पायाचा चिखल झटकला. "बसा मग," म्हणाले.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी फुई शहाद्याहून गावाला येते, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून गणवेशाची बटणं लावते. भाल्यातलं तिला काही कळत नाही. भाला पडला की मान वर करून बघते, एवढंच. महिन्याभरानं दिपालीची वर्गमैत्रीण तिथे येऊन बसू लागली, आणि बसून कंटाळली म्हणून फेकायला लागली. आता तिघी आहेत.

यंदा नंदुरबारला जिल्हा स्पर्धेत दिपाली पाचवी आली. फुई शिलाईचं काम बाजूला ठेवून गेली होती. धुडकूभाऊ तिच्या आधीच मैदानावर पोचले होते, मोटारसायकलला केळीचा घड बांधून, आणि ओळख नसलेल्या मुलींनाही बोलावून बोलावून केळी वाटत होते.