डावीकडच्या नसा

मागच्या वर्षी, २०११ च्या थंडीत, डब्लिनच्या एका हॉस्पिटलमध्ये मी आणि माझी बायको मेधा सर्जनसमोर बसलो होतो. मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता...

सर्जन चित्र काढून समजावत होता. प्रोस्टेट काढायचं, पण लघवी धरून ठेवणारा स्नायू आणि आजूबाजूच्या नसा जमेल तितक्या वाचवायच्या. उजवीकडच्या वाचतील... डावीकडे गाठ अगदी कडेला होती. तिथल्या नसा ठेवल्या तर कॅन्सर मागे राहण्याची भीती, काढल्या तर लघवीवर ताबा यायला जास्त वेळ लागणार.

मी तोंड उघडायच्या आत मेधा म्हणाली, "डावीकडचं सगळं काढा, डॉक्टर. रिस्क नको."

मी मान हलवली. पण मनात सलत राहिलं... शरीर माझं आणि उत्तर हिचं!

ऑपरेशन झालं. लघवीसाठी घातलेली नळी, कॅथेटर, काढली आणि गळती सुरू झाली. खुर्चीतून उठलो की गळायचं, खोकलो की पॅन्ट ओली... पॅड लावून डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमधल्या आमच्या घरात बसून असायचो. कुणी भेटायला येतो म्हटलं की "नको" म्हणायचो. नर्सने शिकवलेले पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळायचे, व्यायाम करायचो, तेही चिडचिड करत.

एका दुपारी किचनमध्ये डबा काढायला वाकलो आणि फरशी भिजली. मेधा फडकं घेऊन आली.

"तू तेव्हा मध्ये बोलली नसतीस तर ही वेळ आली नसती!" मी ओरडलो.

ती फरशी पुसत राहिली...

पुढच्या आठवड्यात काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. सर्जन म्हणाला, "कॅन्सर डावीकडच्या नसांपर्यंत पोचला होता. त्या ठेवल्या असत्या तर तोही राहिला असता. आता कडा स्वच्छ आहेत, मागे काही राहिलेलं नाही. गळतीला वेळ द्या, यू विल बी ग्रँड, अगदी ठणठणीत व्हाल."

कार पार्कमध्ये मी गाडी सुरूच केली नाही. विचारलं, "मी कायमचा असा राहीन, याची भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना," मेधा म्हणाली. "पण मला तू हवा होतास. ओला काय नि कोरडा काय!" आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच रडली.

आता जोरात शिंक आली तरच एखादा थेंब... बाकी ठीक.

कुणाच्या घरी असं काही निघालं तर मला बिनधास्त फोन करा, लाजू नका. मी लाजत राहिलो, तेवढे दिवस मेधा एकटी पडली.