हौदातला निम्मा वाटा

देवावर माझी श्रद्धा आहे असं मी आज म्हणते, पण त्या वर्षी ती उरली नव्हती. माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि शाळेत तीस वर्षं मुलांकडून कवायत करून घेतलेला माणूस भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, खाटेला खिळला. इमारतीला लिफ्ट नव्हती. दोन वर्षांत त्यांचे पाय मातीला लागले नाहीत. वाचाही गेली, एकच शब्द उरला, "खाली." सकाळी खाली, दुपारी खाली. भाकरी थापता थापता मी ते ऐकायची आणि कधीकधी ओरडायचीही, "कसं नेऊ? पाठीवर घेऊ?" मग माझीच मला लाज वाटायची.

तळमजल्याचं घर शोधायला लागले तेव्हा कळलं, नव्या इमारतींना तळमजलाच नसतो, तिथं गाड्या उभ्या असतात. शेवटी जुन्या शहरात निजामाच्या काळातली एक दगडी इमारत सापडली. तिथल्या भाडेकरूंनीच पुढं सोसायटी करून ती घेतलेली. बारा बिऱ्हाडं, मधे फरशीचं अंगण, आणि खालचं एक घर विकायला काढलेलं. दारं एवढी रुंद की चाकाची खुर्ची सहज वळावी. पाचोडकडची आमची जमीन आम्ही त्यासाठी विकली. राहिलं होतं ते फक्त सोसायटीचं ना-हरकत पत्र.

तेच मिळेना. कारण होतं पाणी. आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, हे काही नवीन नाही. या इमारतीत आलेलं पाणी अंगणातल्या हौदात साठवतात आणि प्रत्येक घरानं आपल्या ठरल्या दिवशी वाट्याचे हंडे भरायचे, अशी रीत आहे. सेक्रेटरी भला माणूस होता, पण हौदापुढं त्याचंही काही चालेना. "ताई, राग नका मानू," तो म्हणाला. "अंथरुणातला माणूस म्हंजी रोजचं धुणं-पुसणं आलं. एका वाट्यात तुमचं भागायचं नाय, अन् जास्तीचं द्यायला हौदात नाय. उद्या भांडणं होतील." तीन वेळा गेले, तीन वेळा हात हलवत परत आले. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच जीव तुटायचा.

त्या सोमवारी वेरूळला गेले. घृष्णेश्वर हा माझ्या लहानपणापासूनचा देव. पिंडीवर धार चालली होती. मी हात जोडलेच नाहीत. मनात म्हणाले, तुझ्यावर दिवसभर पाणी, आणि माझ्या माणसाचं अंग पुसायला नाही? यापुढं मी यायची नाही. प्रसाद न घेताच बाहेर पडले. येताना एसटीत असंही मनात आलं की हे गेले तर सुटतील, आणि मीही सुटेन. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी कमिटीची बैठक अंगणात बसली होती. मी अर्जाचे कागद परत न्यायला गेले होते. तेवढ्यात वरच्या सज्ज्यातून एक बाई तरातरा खाली आल्या. गयाबाई. एकट्या राहायच्या, आणि हंडाभर पाण्यावरून रोज कुणाशी तरी त्यांची जुंपायची. आता या आणखी काय ऐकवणार, म्हणून मी मान खाली घातली.

"माझा निम्मा वाटा लिवा यांच्या नावावर," त्या सेक्रेटरीला म्हणाल्या.

"अन् तुम्हाला?"

"एकल्या बाईला कितीक लागतंय? लिवा की!"

त्याच बैठकीत पत्र मिळालं. मी गयाबाईंच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. "हंडे घासून आणत जा. मला हौदात घाण चालत नाय," एवढंच बोलल्या.

इमारतीतल्या चौघांनी यांना खुर्चीसकट उतरवून आणलं. अंगणात मी त्यांचे तळवे फरशीवर टेकवले. ते रडले. त्यानंतर "खाली" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. रोज संध्याकाळी ते तिथं बसायचे. चार महिने बसले, आणि फाल्गुनात एका पहाटे झोपेतच गेले. त्यांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणीही गयाबाईंच्याच वाट्यातलं होतं.

मी देवाकडे त्यांचं चालणं मागितलं होतं. मिळाले चार महिने आणि एक भांडखोर शेजारीण. त्यानं काय द्यावं हे मीच ठरवून बसले होते, आणि तसं मिळालं नाही म्हणून त्याच्यावर रुसले होते. आता ठरवणं सोडलं आहे. पण हे शहाणपण तेव्हा नव्हतं. तेव्हा घर खायला उठायचं. चौदाव्यानंतर मी चूल पेटवली नव्हती, कुणी दिलं तर दोन घास खायची. तशीच एक दिवस वर गेले आणि म्हणाले, "गयाबाई, तुमचा वाटा परत घ्या. आता पाणी लागत नाही."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लागत नाय म्हंजी? तू बी मेलीस व्हय?"

मी दारातच बसले आणि ढसाढसा रडले. त्यांनी रडू दिलं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "ऊठ. आज तुझा दिवस हाय. हौदाचं झाकण काढून ठिवलंय."

मी खाली आले. पहिला हंडा भरला, आणि तिथंच उभ्यानं ओंजळ ओंजळ पाणी प्यायले.