चंद्रभागाबाईचे पाहुणे

दिघोरीत कोणी कोणाला धन्यवाद म्हणत नसे. तो शब्द पंधरा ऑगस्टच्या भाषणातला. एरवी कोणी घरात तो उच्चारला असता, तर लोकांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं असतं. चंद्रभागाबाईची अडचण अशी की, कोणी जरा चांगलं वागलं की काहीतरी बोलल्याशिवाय तिला चैन पडत नसे. गावातल्या माणसाचं सोपं असतं. त्याच्या घरी वाटीभर भाजी धाडावी, धान रोवण्याच्या दिवसांत त्याच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, दोन हात लावावेत, झालं. पण परका माणूस पाणी पाजतो, बाकावर सरकून जागा देतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. त्याचं घर कुठं, हेही कळत नाही. अशा माणसांसाठी बाईनं स्वतःचा एक उपाय काढला होता. ती त्यांना मंडईचं आमंत्रण देई.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, शिंगाड्यांचे आणि उसाचे ढीग पडतात, आणि दुपारभर दंडार चालते. दंडार म्हणजे गाण्या-नाचाचा खेळ. त्यात राणीसुद्धा मिशी काढलेला पुरुषच असतो. त्या दिवशी सगळे सोयरे जमतात आणि ज्याच्या घरी पाहुणा नाही, त्या घराची गावाला कीव येते. तेव्हा ‘मंडईले या’ म्हणणं म्हणजे त्या माणसाला सोयऱ्यांत बसवणं. बाईच्या हिशेबानं यापेक्षा मोठं देण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं.

भंडाऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात एका माणसानं तिच्या तांब्याचा पोचा फुकटात ठोकून काढला, त्याला आमंत्रण. तुमसरला राइस मिलसमोर एका हमालानं तिचं गाठोडं डोक्यावर चढवून दिलं, त्यालाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं उभं राहू न देता स्वतःचं स्टूल पुढं सरकवलं, तर त्याला तिनं उतरायचं कुठं, आंब्याजवळून वळायचं कसं, कोणाचं कुत्रं चावत नाही, इथपर्यंत समजावलं. मागे रांगेत उभी असलेली माणसं कण्हत होती. कंपाउंडर हो हो म्हणाला. सगळेच हो हो म्हणत.

आणि कोणीच येत नसे. दर मंडईला बाई चार माणसांचा भात जास्तीचा टाकी. संध्याकाळी तिचा नवरा तुलाराम दारात उभा राही, अंगणात कोणी नसताना कमरेत वाके आणि शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे की, या जी कंपाउंडर साहेब, पाय धुवा. शेजारी खो खो हसत. बाईही हसे. पण दिवा लावताना तिला वाईट वाटायचं, अगदी दरवर्षी. पाहुणे आले नाहीत याचं एवढं नाही. आपण मनापासून बोललो आणि ते कोणी खरं धरलं नाही, याचं वाटायचं. तुलाराम तसा वाईट माणूस नव्हता. फक्त हाताशी आलेली थट्टा सोडून देणं त्याला जन्मात जमलं नाही.

ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. उन्हाळ्यात बाई भंडाऱ्याहून नवा पितळी गुंड घेऊन एसटीनं परतली. पाणी भरायचा चांगला मोठा, कडक वाजणारा गुंड. उतरण्याच्या गडबडीत पिशवी घेतली, छत्री घेतली, आणि गुंड सीटखाली राहिला. बस सुटली तेव्हा तिला आठवण झाली. ती ओरडली, पण धुळीत तिचा आवाज कोण ऐकणार. बस पुढच्या वळणावर जाऊन थांबली आणि कंडक्टर खाली उतरला. खांद्यावर गुंड, गळ्यात तिकिटांची पेटी, असा तो भर उन्हात चालत मागे आला. बसमधली माणसं खिडकीतून त्याच्या नावानं खडे फोडत होती. त्यानं गुंड तिच्या पायाशी ठेवला आणि बसकडे वळला.

“मंडईले या जी भाऊ,” बाई मागून म्हणाली. “भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी. येजा बरं, नाई म्हनू नोका.”

कंडक्टरचं नाव नंदलाल. तोही हो म्हणाला. तुलारामनं ऐकलं आणि या वर्षी कंपाउंडर साहेबांसोबत कंडक्टर साहेबांचेही पाय धुवावे लागतील, म्हणून गुंड बरा कामी येईल, असं सांगितलं.

त्या वर्षी पाऊस लांबला. एरवी दिवाळीआधीच हाती येणारा हलका धान दिवाळीनंतर पिकला, आणि कापायच्या वेळेला आभाळ पुन्हा भरून यायला लागलं. कापलेला धान भिजला तर तो शेतातच कोंब धरतो. गावानं बसून ठरवलं की मंडई आठ दिवस पुढं ढकलायची. सोयऱ्यांना निरोप गेले. चंद्रभागाबाईच्या पाहुण्यांना निरोप पाठवायचा, तर कुठं? आणि खरं सांगायचं तर, तिला तो पाठवायचं सुचलंही नाही. इतक्या वर्षांत कोणी आलं नव्हतं. तिचीही आशा आता सवयीपुरती उरली होती.

भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस उजाडला. सगळं गाव विळे घेऊन बांधींत उतरलं होतं. दुपारी चंद्रभागाबाई धानाची मूठ धरून वर बघते, तर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, इस्त्रीचा पँट-शर्ट घातलेला एक माणूस उभा, आणि त्याच्या शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसलेली एक म्हातारी. नंदलाल आणि त्याची आई रत्नाबाई. दोघं बिचारे रिकाम्या गावातून फिरून, कुत्र्यांची भुंकणी खाऊन, ढोलकीचा आवाज कुठून येतो का ते ऐकत इथवर आले होते.

नंदलालनं विचारलं की मंडई कोणत्या बाजूला भरते. बाईनं हातातली धानाची मूठ खाली ठेवली. मग तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं, आणि चिखलाचे हात पदराला पुसत खाली बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिचा शब्द खरा धरून आलं होतं, आणि त्याच दिवशी तो खोटा पडला होता. नंदलाल भला माणूस. काही हरकत नाही, आईला हवा लागली, संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ, म्हणाला. तो रागावला असता तर बरं, असं बाईला वाटलं.

म्हातारी मात्र धुऱ्यावर टेकली आणि म्हणाली, “मी साकोलीकडची, माय. लगन होऊन भंडाऱ्याले गेली, तवापासून दंडार पायली नाई. म्हनून आली.” तिचं म्हणणं तक्रारीचं नव्हतं, पण ऐकणाऱ्या सगळ्यांचे विळे थांबले.

आता तुलाराम काय बोलतो, म्हणून सगळी बांधी त्याच्याकडे बघत होती. एवढी मोठी थट्टा त्याच्या हाताशी कधी आली नव्हती. तुलारामनं विळा कमरेला खोचला आणि धुरे ओलांडत धनीरामच्या बांधीकडे निघाला. धनीराम म्हणजे दंडारीतली राणी. राणी त्या वेळी गुडघ्यापर्यंत चिखलात होती आणि दाढी चार दिवसांची वाढलेली होती. त्यानं आभाळाकडे बोट दाखवलं. पाऊस काय दंडार पाहायला थांबणार आहे का, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

“पाव्हना आला आहे, बापा,” तुलाराम म्हणाला. “खराखुरा आला. धान कापत कापत खेळू, पन खेळू.”

मग जे झालं, ते दिघोरीत आधी कधी झालं नव्हतं. कोणीतरी पळत जाऊन ढोलकी आणली. झांजा कुलपात होत्या, म्हणून लोट्यावर विळा वाजवला. धनीरामनं डोक्यावर दुपट्ट्याचा पदर घेतला आणि चार दिवसांची दाढी पदराआड लपवत, लाजत मुरकत धान कापायला सुरुवात केली. राणी एक कडवं म्हणे आणि एक ओळ कापे. राजाचं काम करणारा माणूस सासुरवाडीला गेला होता. तेव्हा तुलारामच राजा झाला. त्याला गाणं अर्धंच येत होतं. जिथं अडला, तिथं त्यानं कंडक्टर साहेबांना मुजरा घातला. तो पाच-सहा वेळा अडला.

शेवटी रत्नाबाईला ते सहन होईना. विसरलेलं कडवं तिनं धुऱ्यावरूनच खड्या आवाजात म्हटलं. राजानं तिला हात जोडले. पुढच्या कडव्याला म्हातारीनं लुगडं वर खोचलं, चंद्रभागाबाईच्या हातातला विळा मागून घेतला आणि बांधीत उतरली. भंडाऱ्यात एवढी वर्षं काढूनही तिचा हात बसलेला होता. नंदलाल भारे बांधायला लागला. त्याचे भारे दोन पावलांत सुटत; मागून कोणीतरी मुकाट्यानं ते पुन्हा बांधत असे. आसपासच्या बांधींतली माणसं कापत कापत इकडंच सरकली. कोणाच्या बांधीत कोण कापतं आहे, याचा त्या दिवशी पत्ता नव्हता. दिवस मावळायच्या आत बराच धान पुंजण्यावर, म्हणजे रचलेल्या गंजीवर, चढला, आणि थेंब पडले तेव्हा भिजण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

चंद्रभागाबाईनं घरी गरम गरम तांदळाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, केले. तव्यावरून ते थेट पाहुण्यांच्या ताटात जात होते. तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरून शिंगाडे आले. म्हातारीची ओटी भरली, तेव्हा तिनं बाईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.  गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा नंदलालनं तो सोडवला. आठ दिवसांनी खरी मंडई भरली. दुकानं होती, झांजा होत्या, राणीनं दाढीही केली होती. पण गावाला ती जरा अळणीच लागली.

पण त्याआधी, पाहुणे गेले त्या संध्याकाळी, बाईची मोठी पंचाईत झाली. धनीरामच्या बांधीत उद्या कापायला जाता येईल, ढिवराच्या घरी नवे तांदूळ देता येतील. पण तुलारामचं काय करायचं? त्याला वाटीभर भाजी धाडणार कुठं, ती तर तो रोजच खातो. तिनं त्याला वाढलं, पुन्हा वाढलं, नको म्हणत असतानाही वाढलं, आणि चुलीशी उगाच भांडी हलवत राहिली.

तुलारामच्या ते ध्यानात आलं. आणि तो पडला तुलाराम.

“साऱ्या दुनियेले म्हनत असतेस,” तो म्हणाला. “आज मले नाई म्हनत काय, मंडईले या?”

चंद्रभागाबाईचा भाताचा चमचा हातातच राहिला. मग ती म्हणाली, “तुमाले बोलवाचं तं पयले तुमी कोठी दूर गेले पायजेत ना जी. नोका जाऊ.”

 तुलारामनं मान खाली घातली आणि पोट भरलेलं असूनही आणखी भात मागितला.